हाय-आयसोल्डे

हाय-आयसोल्डे हा जिनीव्हाजवळील सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतील आयसोल्डे प्रयोगशाळेच्या सुधारणेचा प्रकल्प आहे. किरणोत्सारी आयनांच्या झोताला अधिक ऊर्जा देण्यासाठी या प्रकल्पात अतिवाहक रेषीय त्वरक उभारण्यात आला. प्रकल्पास २००९ मध्ये मान्यता मिळाली व २०१५ ते २०१८ या काळात त्वरकाची टप्प्याटप्प्याने उभारणी झाली.

पार्श्वभूमी

आयसोल्डे प्रयोगशाळा १९६७ पासून कार्यरत आहे. तेथे १.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडसारख्या तप्त लक्ष्यावर आदळवले जातात. त्यातून निर्माण झालेले अल्पायुषी अणू आयनीभूत करून वस्तुमानानुसार वेगळे केले जातात. या आयनांची ऊर्जा साधारण ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असते. त्यांच्या क्षयाचा अभ्यास करण्यास ती पुरेशी असली, तरी अणुकेंद्रांची परस्पर अभिक्रिया घडवण्यास ती फारच अपुरी पडते. कारण दोन्ही अणुकेंद्रे धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात.

२००१ मध्ये सुरू झालेल्या रेक्स-आयसोल्डे या त्वरकाने ही उणीव अंशतः दूर केली. त्यात आयन प्रथम सापळ्यात साठवले जातात, नंतर त्यांचा विद्युतभार वाढवला जातो आणि मग सामान्य तापमानावरील तांब्याच्या त्वरकातून त्यांना प्रति न्यूक्लिऑन सुमारे ३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा मिळते. तथापि, जड अणुकेंद्रांमध्ये न्यूक्लिऑनची देवाणघेवाण घडवून आणण्यासाठी याहून अधिक ऊर्जा लागते.

रचना

नव्या त्वरकात चार शीतकक्ष असून प्रत्येकात पाच अतिवाहक पोकळ्या आणि झोत एकवटणारे एक अतिवाहक चुंबक आहे. तांब्याच्या पोकळीवर आतून निओबियमचा पातळ थर दिलेला असतो. द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने तिचे तापमान ४.५ केल्विन, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस, राखले जाते. या तापमानास निओबियम अतिवाहक बनल्याने पोकळीच्या भिंतीत अत्यल्प ऊर्जा वाया जाते. हेलियमच्या द्रवीकरणासाठी एलईपी या जुन्या त्वरकावरील अ‍ॅलेफ प्रयोगाची यंत्रणा दुरुस्त करून वापरण्यात आली.

प्रत्येक प्रयोगासाठी वेगळे समस्थानिक व वेगळी ऊर्जा लागते. म्हणून वेगवेगळ्या वेगाच्या आयनांना सामावून घेणाऱ्या पाव-तरंगलांबीच्या पोकळ्या निवडण्यात आल्या. प्रत्येक पोकळीतील विद्युतक्षेत्र स्वतंत्रपणे नियंत्रित करता येते; त्यामुळे झोताची अंतिम ऊर्जा प्रयोगाच्या गरजेनुसार बदलता येते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील पेलेट्रॉन-लिनॅक त्वरकातही याच प्रकारच्या तांब्याच्या पोकळ्या आहेत. मात्र त्यांवर शिशाचा थर असतो.

अडचणी

शीतकक्षांत झोताचा मार्ग आणि उष्णतारोधक निर्वात जागा वेगळ्या नाहीत. धुळीचा कणही पोकळीची कार्यक्षमता घटवू शकत असल्याने जुळणी स्वच्छ कक्षात करावी लागली. २०१५ मध्ये पहिल्या शीतकक्षासह प्रयोग सुरू झाले, तेव्हा पोकळ्यांना रेडिओ-वारंवारतेची शक्ती पुरवणारे जोडभाग तापू लागले. पुढील टप्प्यापूर्वी ते सुधारण्यात आले. दोन शीतकक्षांनी प्रति न्यूक्लिऑन ५.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा गाठली, तर चारही शीतकक्ष बसवल्यावर ती जवळपास १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पोहोचली.

महत्त्व

ऊर्जावाढीमुळे अणुकेंद्रांना विचारता येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपच बदलले. रेडॉन-२२४ व रेडॉन-२२६ यांच्या झोतांवरील प्रयोगांत या अणुकेंद्रांचा आकार नासपतीसारखा स्थिर नसल्याचे दिसून आले. असा स्थिर आकार असलेल्या अणुकेंद्रांत निसर्गातील द्रव्य-प्रतिद्रव्य असमतोलाशी संबंधित सूक्ष्म परिणाम वाढून दिसण्याची शक्यता असते. त्यामुळे अशा शोधासाठी कोणते अणू निवडावेत, हे ठरवण्यास या निष्कर्षाची मदत झाली. पारा-२०६ च्या झोतावरील प्रयोगात या अणुकेंद्रात एका न्यूट्रॉनची भर घालून पारा-२०७ मधील न्यूट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या अभ्यासण्यात आल्या. विश्वातील जड मूलद्रव्यांची निर्मिती समजून घेण्यासाठी अशी माहिती आवश्यक ठरते.