तोटा आठ वर्षांचा, टोमणे जन्माचे

जबलपुरात ‘मुलगा काय करतो?’ याला ‘फॅक्टरीत आहे’ असं उत्तर मिळालं की चौकशी संपते. ‘धंदा करतो’ म्हटलं की सुरू होते. नोकरी, धंदा, कर आणि बुडण्याची भीती यांबद्दलच्या या काही चटकदार गोष्टी.

पक्की नोकरी, नवा मालक
१९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली, मग १९४२ मध्ये खमरियाचा आयुध कारखाना आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी. पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या गेल्या त्या याच गेटपासांकडे बघून! १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. खमरिया आता पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे.

दुष्काळातून धूर
१८९९ च्या दुष्काळाने गुजरातेतली काही कुटुंबं कामाच्या शोधात इकडे आली. मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी १९०२ च्या सुमारास जबलपुरात बिडीचा धंदा मांडला. तेंदूपत्ता आसपासच्या जंगलातच होता. पुढे हा धंदा विदर्भातही फोफावला.

वाढू नका, वाटून घ्या
जीएसटीपूर्वी वर्षाला २० लाखांपर्यंत बिड्या करणाऱ्या लहान उत्पादकाला उत्पादन शुल्क माफ होतं. आकडा दांडगा वाटतो, पण दिवसाला हजार बिड्या वळणारे सात कामगार वर्षभरात तेवढ्या करतात. हातबिडीपेक्षा यंत्राच्या बिडीवर करही जास्त. मग कारखाना वाढवायचा कशाला? चार नावांनी चार लहान धंदे काढलेले परवडायचे.

शंभरातले सव्वादोन
१९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर अधिभारासकट ९७.७५ टक्के प्राप्तिकर होता. वरच्या प्रत्येक शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती! इतका कर लावला की लोक तो चुकवतात, असं प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने आधीच बजावलं होतं. पुढच्याच वर्षी दर ७७ टक्क्यांवर आला.

बढती हुकली, बरं झालं
लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. पुढे लोखंडी नांगर केला, तर जमिनीत लोखंडाचं विष उतरेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आज त्यांच्या नावाचं गाव आहे, रेल्वे स्टेशनासकट.

बारा लाखांची उशी
२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर शून्य. ही सवलत पगारदारालाच नाही, दुकानदारालाही आहे. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत धंद्याला अडवतो तो प्राप्तिकर नव्हे. अडवतो तो घरचा हिशेब: दुकान नाही चाललं तर लोक काय म्हणतील?

प्राप्तिकर खातं मोठ्या मनाचं
धंद्यातला तोटा पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. म्हणजे बुडणं हा धंद्याचाच भाग आहे, हे कायद्याने कधीच मान्य केलंय. नातेवाइकांनी अजून केलेलं नाही. त्यांच्या वहीत तोटा जन्मभर पुढे ओढला जातो. तेव्हा यंदा धंदा बसला असेल तर तोंड लपवू नका. रिटर्न मात्र मुदतीत भरा, नाहीतर ही सवलतही हातची जाईल.