गळका रांजण आणि रोजचा व्यायाम

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपल्यापैकी अनेक जण दोन संकल्प सोडतात. एक, रोजचा अभ्यास रोज करायचा. आणि दुसरा, पहाटे उठून व्यायाम करायचा. पहिल्या संकल्पाकडे निदान गुरुजींचे लक्ष असते. दुसऱ्याला मात्र कोणी वाली नसतो! आठ दिवस उत्साहात जातात. नवव्या दिवशी पाऊस येतो, दहाव्या दिवशी जाग येत नाही, आणि अकराव्या दिवशी ‘आता पुढच्या एक तारखेपासून’ असे ठरते.

असे का होते? ‘मुले आळशी आहेत म्हणून,’ असे उत्तर मोठी माणसे देतात. उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. दोष देण्यापूर्वी कारण शोधावे, ही विज्ञानाची रीत. आज आपण हे कारण शोधू या.

अस्तंभ्याची वाट

आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत. तेथे अक्राणी तालुक्यात अस्तंभा हे १३२५ मीटर उंचीचे शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत तेथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून भाविक येतात आणि डोंगरवाट तुडवीत शिखर गाठतात. पाय दुखतात, दम लागतो. पण ‘चालण्याचा उत्साह कसा टिकवावा?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणालाही पडत नाही. कारण ते व्यायामाला निघालेलेच नसतात! दिवस ठरलेला, वाट ठरलेली, सोबती बरोबर आणि जाण्याचे कारण मनात पक्के.

डोंगरातल्या पाड्यांवरही पूर्वापार असेच चालत आले. पाणी आणणे, जळण आणणे, गुरे चारणे, बाजाराला जाणे या सगळ्यांत व्यायाम आपोआप मिसळलेला होता. आता रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, कित्येक ठिकाणी पाणी जवळ आले. हे चांगलेच झाले. डोक्यावरचा हंडा परत यावा असे कोणी म्हणू नये. परंतु कष्टांबरोबर त्यांत फुकट मिळणारा व्यायामही गेला. तो आता वेगळा, ठरवून करावा लागतो. आणि उत्साहाचा प्रश्न येथेच सुरू होतो.

दुसरे एक दृश्य पाहा. पहाटे नंदुरबार, शहादा किंवा तळोदा येथून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. थंडी असो वा पाऊस, हे तरुण खाडा करीत नाहीत. पण भरती पार पडली की, निवड झालेली असो वा नसो, त्यांतल्या अनेकांचे धावणे थांबते. कारण संपले की व्यायामही संपतो. मग महिनोन्महिने कमावलेल्या ताकदीचे काय होते?

रांजणाला भोक असते

या प्रश्नाचे उत्तर एका प्रसिद्ध प्रयोगात सापडते. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवले. त्यांचे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे आधी मोजलेले होते. हे माप म्हणजे दमश्वासाची मोजपट्टीच. आधी ते मिनिटाला सरासरी ३.३ लिटर होते. तीन आठवड्यांनी ते २.४ लिटरवर आले! नंतर दोन महिने त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेतला, तेव्हा ते ३.९ लिटरपर्यंत चढले.

खरी गंमत पुढे आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. आता ते पन्नाशीचे झाले होते. त्यांचे माप २.९ लिटर निघाले. म्हणजे तीस वर्षांच्या वयाने जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झाले होते! मग सहा महिने बेताबेताने व्यायाम करवला, तेव्हा माप पुन्हा ३.३ लिटर झाले.

पाचच माणसांचा प्रयोग, हे खरे. पण त्यातला धडा नंतरच्या अनेक अभ्यासांशी जुळतो. आपण समजतो की व्यायाम म्हणजे बँकेतील ठेव; एकदा भरली की व्याज मिळत राहील. प्रत्यक्षात तो तळाशी भोक असलेला रांजण आहे. अशा रांजणात पाण्याची पातळी किती राहील? आजवर एकूण किती घागरी ओतल्या, यावर ती अवलंबून नसते. सध्या दर तासाला किती पाणी येते आणि किती गळते, यावर ती ठरते. एकदम दहा घागरी ओतून महिनाभर फिरकलेच नाही, तर रांजण रिकामा. पण बारीकशी धार अखंड चालू ठेवली, तर पातळी टिकून राहते.

या रांजणाचा आणखी एक गुण तुम्ही घरी डब्याला भोक पाडून पडताळू शकता. पाणी भरपूर असते तेव्हा भोकातून धार जोरात उडते. पाणी कमी झाले की ती मंदावते. म्हणून जवळजवळ रिकाम्या रांजणात बारीक धार सोडली तरी पातळी भराभर चढते. शरीराचेही असेच आहे. जो अगदीच व्यायाम करीत नाही, त्याला थोड्याशा व्यायामाने सर्वांत जास्त फरक पडतो. ‘आपल्याला काही जमणार नाही,’ असे म्हणणाऱ्या मुलांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावे.

भाकरीचा हिशेब

आता एक गणित करू. तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे आणि तुम्ही १००० मीटर उंची चढलात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. ४० × ९.८ × १००० = ३,९२,००० ज्यूल. आहाराच्या भाषेत हे सुमारे ९४ किलोकॅलरी झाले. आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच अशा कार्यात बदलतात. बाकीची उष्णता होते. म्हणून शरीराचा खर्च साधारण ३७५ ते ४७० किलोकॅलरी येईल. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ३४० किलोकॅलरी असतात. म्हणजे हजार मीटरचा डोंगर चढण्याचे मोल एका भाकरीहून जरासेच जास्त!

यातून काय शिकायचे? शरीर हे फार काटकसरी यंत्र आहे. ‘महिन्याभरात बारीक होईन’ अशा हिशेबाने जो व्यायाम सुरू करतो, त्याला काटा हललेला दिसत नाही आणि तो निराश होतो. त्याचा व्यायाम वाया गेलेला नसतो. त्याने मोजमाप चुकीचे निवडलेले असते. फरक हृदयात, फुप्फुसांत, स्नायूंत, झोपेत आणि मनाच्या प्रसन्नतेत पडत असतो. वजनकाट्याला तो कसा दिसणार?

पहिला धक्का

भरलेली लोखंडी पेटी फरशीवरून सरकवून पाहा. ती जागची हलेपर्यंत खूप जोर लागतो. एकदा हलली की त्याहून कमी जोराने सरकत राहते. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. व्यायामाचेही तसेच वाटते. सर्वांत अवघड भाग धावण्याचा नसून अंथरुणातून उठून दाराबाहेर पडण्याचा असतो.

अर्थात मन म्हणजे पेटी नव्हे, आणि उपमा म्हणजे पुरावा नव्हे. पण पुरावाही आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि शिवाय ‘पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी व्यायाम करीन’ असे लिहून घेतले. आठवड्यानंतर विचारले, तेव्हा पहिल्या गटातील ३८ टक्के, दुसऱ्यातील ३५ टक्के आणि तिसऱ्यातील ९१ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केलेला होता! हा प्रयोग एका आठवड्यापुरताच होता, हे विसरू नये. तरी नुसत्या उपदेशाचा काय उपयोग होतो, हे त्यावरून दिसते. एक ओळ लिहून ठेवण्याचे काम उपदेशाला जमले नाही.

मग सवय लागायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक नवी गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगी करायची होती, जसे न्याहारीनंतर किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला; मधला आकडा ६६ दिवसांचा होता. म्हणजे दोन महिने धीर धरायला हवा. आणखी एक दिलासा याच अभ्यासात आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही. तेव्हा खाडा पडला म्हणून संकल्प मोडला असे मानू नका. एक दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी धार पुन्हा चालू करा.

सोबत हवी, पण कशी?

आपल्याकडे तालमीत एकट्याने दंड-बैठका काढण्यापेक्षा जोडीदार बरोबर असण्याला महत्त्व होते. सातारा भागातील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि शेजारी वर्गमित्र. अस्तंभ्याच्या वाटेवरचे सगळे धागे येथेही आहेत.

सोबतीचा परिणाम १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट या संशोधकाने तपासला. त्याने चाळीस मुलांना दोरा गुंडाळण्याचे चाक फिरवायला दिले. कधी एकटे, कधी दुसऱ्याशी शर्यत लावून. शर्यतीत निम्म्या मुलांचा वेग वाढला. दहा जणांत फारसा फरक पडला नाही, आणि उरलेली दहा मुले घाईने गोंधळून उलट मागे पडली. म्हणून सोबती निवडा. पण रोज हरवणारा प्रतिस्पर्धी नको. हाक मारून उठवणारा मित्र किंवा मैत्रीण हवी. तिच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावा.

करून पाहा

एक फूट उंचीची पायरी घ्या. घड्याळ लावून मिनिटाला २४ वेळा, याप्रमाणे तीन मिनिटे चढ-उतार करा. लगेच बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा आणि आकडा वहीत लिहा. दर रविवारी सकाळी, न्याहारीपूर्वी, त्याच पायरीवर हा प्रयोग करा. बाकीचे दिवस आपला चालण्या-धावण्याचा, दोरीवरच्या उड्यांचा किंवा नमस्कारांचा व्यायाम करा.

आलेख काढाल तर काही आठवड्यांत तो हळूहळू उतरू लागलेला दिसेल. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. अपुरी झोप, ताप किंवा उकाडा यांमुळे एखादा आकडा वर जाईल. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि हो, ४० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याची या तीन मिनिटांतील शक्ती सुमारे ४७ वॉट येते. तुमच्या घरातील नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे लावण्याइतकी! ती कशी काढली, ते तुम्हीच मांडून पाहा.

सांभाळून

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल सुचवली आहे. खेळ, सायकल आणि शाळेपर्यंतचे भरभर चालणेही त्यात धरावे. पण उपाशीपोटी कष्ट करणारे शरीर आपलेच स्नायू झिजवते. ज्या मुलाला पोटभर जेवण मिळत नाही, त्याला आधी जेवण हवे. व्यायामाचा उपदेश नंतर.

आमच्यासारख्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असा आजार असलेल्या मुलांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम करावा, पाणी भरपूर प्यावे आणि थकल्यावर थांबावे. रक्ततपासणीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. वर्गातला एखादा सोबती मध्येच बसला, तर त्याला हसू नका. त्याने योग्य तेच केले असेल. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारचे धावणे सर्वांनीच टाळावे.

आता वही उघडा आणि एकच ओळ लिहा: कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी, कोणाबरोबर. व्यायाम इतका छोटा ठरवा की पावसाच्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, कंटाळ्याच्या दिवशीही तो करता येईल. पडवीतल्या दहा बैठकाही चालतील. जोर असेल त्या दिवशी घागर ओता, नसेल त्या दिवशी वाटीभर ओता. रांजण कोरडा पडू द्यायचा नाही, एवढेच लक्षात ठेवा.