जुन्या जावाची पुढची नळी
म्हैसूरचा जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला; पण वाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांची जावा फटफटी अजून धावते. परवा तिच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागले. आत स्प्रिंग भार पेलते खरी, पण तिची उसळी आवरते ते बारीक छिद्रांतून वाट काढणारे तेल. ते संपले की खड्ड्यात चाक नाचते, ब्रेक हुकमी लागत नाही. यावर नुसते सील बदलणे हा अर्धा इलाज. नळीवर गंजाची टोचणी राहिली, तर ती नवे सीलही फाडते. तंबोऱ्याची जवारी कानाला कळते, ही टोचणी नखाला!

“मास्तर, तूर्त सीलच बदलू,” शेजारी म्हणाले. मला पटले नाही. दोन्ही नळ्या घासून क्रोम चढवायला गेल्या आहेत.