मिनिटाला ९० फूट

'दे दणादण' परवा मोबाइलवर पुन्हा पाहिला. १९८७ चा, महेश कोठारेंचा. पोलीस झालेल्या लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या, अंगात अचाट शक्ती येते आणि लाल रंग दिसला की उतरते. 'सुपर फझ' या १९८० च्या सिनेमातल्या टेरेन्स हिलच्या पोलिसाचंही हेच दुखणं! साम्य उघड आहे, असू दे. हसवता हसवता हाणामारी करणारा हा सिनेमा थेटरात चालवायचं कोण, हे मला पाहायचं होतं. छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याजवळ एक निवृत्त ऑपरेटर काका राहतात. त्यांना गाठलं.

खोलीत अ‍ॅसिटोनचा झोंबणारा वास. काका फिल्मची एक तुटकी पट्टी जोडून दाखवत होते. ब्लेडनं थर खरवडला, ब्रशनं फिल्म जोडायचं सिमेंट फिरवलं, टोकावर टोक दाबून धरलं. अंगठा उचलायची घाई नाही.

"मिनिटाला ९० फूट पळते ही," ते म्हणाले. "कच्चा जोड टिकेल का?"

प्रिंट चार गावं फिरून यायची. प्रत्येक जोडात दोन-चार चौकटी जायच्या. सेकंदाला २४ चौकटी. मग दोन-चारचं काय एवढं, असं मी विचारलं.

"हशा तिथंच असतो ना!"

खरंच की. फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. मशीनमध्ये पट्टीचा लूप चुकला की ठोसा आधी बसतो, 'ढिशूम' मागून येतं. कोठारे-बेर्डेंच्या टायमिंगवर आपण भरभरून बोलतो. ते टायमिंग रोज नव्यानं जुळवणाऱ्याचं नाव पोस्टरवर कुठून असणार?

१९९० मध्ये 'धडाकेबाज' सिनेमास्कोपमध्ये आला, तेव्हा वेगळं भिंग लावावं लागलं, एवढं सांगून काकांनी एक जुनी पट्टी खिडकीशी धरली. आकाश, झाडं, माणसं, सगळं लालभडक. ईस्टमन रंगाच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो.

"लक्ष्याचं काही खरं नाही यात," काका हसले.

तुम्ही 'दे दणादण' सलग पाहिला का, या प्रश्नावर मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. केबिनमध्ये एका डोळ्यानं कार्बनची ज्योत बघायची, दुसऱ्यानं रीळ बदलायची खूण. शेवटची हाणामारी तर नुसती ऐकलेली. तेवढ्यात पुढच्या खेळासाठी आधीचं रीळ उलटं गुंडाळायचं असे.