सायलेन्सर फोडून काय मिळते?

इंझोरीसारख्या लहान गावात यामाहा आरएक्स १०० ही गाडी दिसण्याच्या पुष्कळ आधी ऐकू येते. शाळेवरून ती गेली, की शिक्षकाला वाक्य अर्धवट सोडून थांबावे लागते. १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी १९९६ मध्ये निघावयाची बंद झाली. तरुणांचे तिच्यावरील प्रेम मात्र आटलेले नाही. जुने यंत्र जिवापाड जपणाऱ्यांविषयी आम्हांस आदरच वाटतो. आक्षेप आहे तो सायलेन्सरमधील जाळी उपसून टाकण्याला, नळी मधूनच कापण्याला. त्यामुळे गाडी अधिक ‘पळते’ ही समजूत सपशेल चुकीची आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर म्हणजे केवळ आवाज कोंडण्याचे डबडे नव्हे. जळलेल्या वायूमागोमाग ताज्या मिश्रणाचा काही अंशही नळीत निसटतो. नळी आधी रुंदावते, मग निमुळती होते. त्या निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी या लाटांचा अभ्यास करून लहानशा इंजिनातून थक्क करणारी शक्ती मिळविली. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधून पळून सुझुकीला मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद सुझुकीकडे गेले. ज्या विद्येसाठी एवढे रामायण घडले, तिच्यावर आमच्याकडे करवत चालते! लाट भलत्या वेळी परतते, ओढ कमी होते, पेट्रोल वाया जाते; मिश्रण विरळ झाल्यास पिस्टन तापून जाम होतो, तो खर्च वेगळाच.

इग्निशनची गोष्ट निराळी. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेल्या राजदूत ३५० मध्ये ठिणगीची वेळ कॉन्टॅक्ट पॉइंट ठरवीत. त्यांचा घासणारा तुकडा झिजला, की ठिणगी उशिरा पडू लागते. तेथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविण्यात शहाणपण आहे आणि त्याने कोणाची झोपही मोडत नाही. मात्र जोर वाढावा म्हणून ठिणगी वाजवीपेक्षा आधी पाडू लागल्यास पिस्टनला भोक पडावयास वेळ लागत नाही.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारास मनाई करते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. अनेक शहरांत पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवितात, त्याची छायाचित्रेही छापून येतात. ते कापून देणारा वा विकणारा त्या छायाचित्रांत सहसा नसतो.

वस्तुतः गाडी ‘ओढत नाही’ म्हणून ज्या नळीवर करवत चालते, ती पुष्कळदा तेलकट काजळीने तुंबलेली असते, इतकेच. मागचा बोल्ट काढावा, जाळी ओढून बाहेर घ्यावी, खरवडून स्वच्छ करावी आणि जशीच्या तशी परत बसवावी. गावातल्या कोणत्याही मिस्त्रीला हे काम जमते.