दंडाची पावती हाच पुरावा

बालाघाटाच्या माथ्यावरच्या अंबाजोगाई तालुक्यात आणि शेजारच्या केज, धारूरमध्ये गायरानाचा वाद कित्येक पिढ्यांचा आहे. गावाबाहेरची मुरमाड जमीन दलित, पारधी आणि इतर भटक्या कुटुंबांनी दगडगोटे वेचून पेरणीखाली आणली. महसूल दफ्तरात मात्र ती अजून ‘अतिक्रमणधारक’च आहेत. वास्तविक या कसणुकीला शासनाने स्वतः दोनदा मान्यता दिली आहे. कागद पुरे करण्याचं काम तेवढं तसंच राहिलं आहे.

ही कुटुंबं गायरानावर का आली, हे आधी पाहायला हवं. निजामी राजवट गेल्यावर १९५०चा हैदराबाद कूळ कायदा आला. ज्यांचं नाव कूळ म्हणून लागलेलं होतं, त्यांना त्याचा आधार मिळाला. गावकीची कामं करणाऱ्यांचं आणि सालगड्यांचं नाव कोणत्याच रकान्यात नव्हतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच माणसांसाठी. पुढे १९७८च्या आणि मग २८ नोव्हेंबर १९९१च्या निर्णयाने शासनाने भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. दुसऱ्या निर्णयासाठी १४ एप्रिल १९९० ही अंतिम तारीख धरली, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. पण त्या तारखेआधीचा ताबा दाखवायचा कसा? तलाठ्याच्या १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीतली नोंद, पंचनामा, दंडाची पावती, एखादा गुन्हा, असाच पुरावा लागतो. ज्याच्यावर कधी कारवाईच झाली नाही, त्याच्या हाती काहीच नाही. तलाठ्याने नोंद घेतली नसेल, तर ती चूक प्रशासनाची. तिची किंमत कसणाऱ्याने का मोजावी? मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानासारख्या संघटनांना वर्षानुवर्षं या कागदांसाठी झगडावं लागलं.

सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज मिळत नाही, दुष्काळी अनुदानाची यादी निघते तेव्हा शेत पेरलेलं असूनही शेतकरी त्यात नसतो. मग मुकादमाची उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने कोयता घेऊन कारखान्याची वाट धरायची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीची चर्चा मजुरी आणि आरोग्याच्या अंगाने होते, ती व्हायलाच हवी. पण या स्थलांतराच्या मुळाशी नावावर नसलेली जमीनही आहे.

ही जमीन कसणाऱ्यांच्या नावे करण्यावर आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालाचा. २८ जानेवारी २०११च्या या निकालाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. मात्र शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील, तर अपवाद करता येईल, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. नोटिसा निघताना हा भाग सहसा वाचलाच जात नाही. म्हणूनच रखडलेले पट्टे आधी निकाली निघायला हवेत. दुसरा आक्षेप गुरांच्या चाऱ्याचा. तो खोटा नाही. शेळ्या तर भूमिहीनांच्याही असतात. पण २०२२मध्ये उच्च न्यायालयापुढे शासनाने दिलेले आकडे पाहा: राज्यात ४.५२ लाख हेक्टर गायरान, अतिक्रमणाखाली १०,०८९ हेक्टर, आणि अतिक्रमणं २,२२,१५३. म्हणजे जमीन जेमतेम सव्वादोन टक्के, आणि एका अतिक्रमणाच्या वाट्याला सरासरी साडेचार गुंठे. शिवाय आज सौर प्रकल्पांना गायरान दिलं जातं, तेव्हा चराईची ही काळजी एवढ्या जोराने ऐकू येत नाही. धनदांडग्यांनी बळकावलेली गायरानं जरूर मोकळी करावीत. १९९१च्या निर्णयातली भूमिहीन असण्याची अटच त्यांना बाजूला ठेवते.

ताबा अधांतरी ठेवला की भांडणं मिटत नाहीत, वाढतात. कागद नसलेल्या माणसाच्या उभ्या पिकात जनावरं घालणाऱ्याला ठाऊक असतं, की तक्रार करणाऱ्यालाच आधी ‘जमीन तुझी कशी?’ असं विचारलं जाईल. मे २०२०मध्ये केज तालुक्यातल्या मांगवडगावात जमिनीच्या वादातून पारधी समाजातल्या तिघांचा जीव गेला. वाद कुठवर जाऊ शकतो, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. अंबाजोगाईत उपविभागीय आणि अपर जिल्हाधिकारी कार्यालयं आहेत. गावोगावच्या १-ई नोंदवह्या ग्रामसभेत उघडून वाचणं, नोंद नसेल तिथे शेजाऱ्यांचे जबाब घेऊन स्थळपाहणी करणं, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे लावणं, हे काम या पातळीवरून सुरू करता येईल. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावात परतलेली असतात ती उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी. चौकशीची तारीख तेव्हाचीच धरावी.