ओट्यातलं एक भोक

विद्यानगरच्या आमच्या घरात फिल्टरच्या नळासाठी ओट्याला बारा मिलिमीटरचं भोक हवं होतं. ओटा करीमनगरच्या टॅन ब्राउन ग्रॅनाइटचा. मी मशीनला भिंतीचा बिट लावला, हॅमर चालू केला आणि जोर दिला. बिटाचं टोक तापून निळं पडलं, दगडावर पांढरा ठिपका उमटला आणि वरून टवका उडाला. तो टवका आजही दिसतो.

ड्रिल मशीन घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी वॅट विचारतो. माझ्या मते आधी विचारावं, भोक कशात पाडायचंय? दगड, लाकूड, लोखंड यांना भिडतो तो बिट. मशीन त्याला फक्त फिरवतं. त्यामुळे पैसे वाचवायचे तर मशीनवर वाचवा, बिटांवर नको. घरासाठी तेरा मिलिमीटर चकचं, वेग कमीजास्त होणारं, उलटं फिरणारं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. कॉलमच्या काँक्रीटमध्ये मात्र ते दमतं, कारण त्याचा हॅमर म्हणजे एकमेकींवरून घासत उड्या मारणाऱ्या दोन दातेरी चकत्या. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबून ठोका देतो. असा हॅमर भाड्याने आणावा.

स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये विजेचं हातड्रिल केलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा खटका यांचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ मध्ये मिळालं. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला १९७६ पासून केपीटी, म्हणजे पूर्वीची कुलकर्णी पॉवर टूल्स, उभी आहे. शिरोळमध्ये विजेची हत्यारं बनतात याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

राणीगंजच्या बाजारात मशीन घेताना मी एकच प्रश्न हट्टाने विचारतो: याचे कार्बन ब्रश मिळतील का? मोटरच्या आत ठिणग्या वाढल्या, जळका वास आला, की कार्बन झिजले समजावं आणि दोन्ही एकदमच बदलावे. जुना कार्बन खिशात घालून न्यावा, मापाचा घोळ होत नाही. चक आवळताना चावी तिन्ही भोकांत फिरवावी, नाहीतर बिट सरकतो. ग्राइंडर घेतलात तर गार्ड काढू नका, आणि चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, ते बघा.

ओट्याचं काम शेवटी डायमंडच्या पोकळ बिटाने झालं. हॅमर बंद, वेग कमी. बायकोने भोवती कणकेचं आळं केलं आणि त्यात थोडं थोडं पाणी सोडत राहिली, मशीनवर थेंबही उडणार नाही इतकं जपून. बिट आधी तिरपा टेकवला, चंद्रकोरीएवढी खाच पडल्यावर सरळ केला. करडा चिखल वर येत राहिला. तळ जवळ आला तसा हात हलका केला. मग खाली ठेवलेल्या डब्यात टण्ण आवाज झाला. तपकिरी दगडाची एक छोटी गोल वडी पडली होती, कड काचेसारखी गुळगुळीत, अजून कोमट.